पशुवैद्यकाचे शिक्षण परदेशात, भागीदारीच्या अभ्यासक्रमातून: जाणकारांचा सल्ला हवा आहे

आर्वीचे गुरुजी

सर्वांना नमस्कार. मी वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात शिक्षक आहे. घरची सहा एकर कोरडवाहू शेती आहे आणि गोठ्यात चार गवळाऊ गाई आहेत. माझ्या मुलीने यंदा बारावीची परीक्षा दिली असून तिला पशुवैद्यच व्हायचे आहे. ही इच्छा वरवरची नाही, हे मी बाप म्हणून नव्हे तर साक्षीदार म्हणून सांगतो. 2022 साली लम्पी त्वचारोगाची साथ आमच्या गावात आली तेव्हा ती नववीत होती. आमच्या एका कालवडीच्या अंगभर गाठी उठल्या, पुढचे पाय सुजले आणि तिला उभे राहता येईना. मुलीने तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ तिच्या जखमा धुतल्या, माश्या बसू नयेत म्हणून गोठ्यात कडुनिंबाच्या पाल्याचा धूर केला आणि तिला हाताने चारा भरवला. पशुधन पर्यवेक्षक लम्पीला अटकाव म्हणून गुरांना शेळ्यांच्या देवीची लस टोचायला गावात आले, तेव्हा त्यांच्याबरोबर दारोदार फिरून तिने लोकांची जनावरे धरून दिली. कालवड वाचली, आणि मुलीचे ठरले ते तेव्हाच.

नीट परीक्षेत तिला मिळालेल्या गुणांवर नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात जागा मिळण्याची आशा फार थोडी आहे. अशातच एका खासगी संस्थेच्या मार्गदर्शन मेळाव्यात आम्हांला एक योजना सांगण्यात आली. पहिली दोन वर्षे भारतातल्या एका संस्थेत जीवशास्त्राचे शिक्षण घ्यायचे, पुढची तीन वर्षे परदेशातल्या विद्यापीठात जायचे, आणि शेवटी पशुवैद्यकाची परदेशी पदवी घ्यायची, अशी ती योजना आहे. दोन संस्थांमध्ये भागीदारीचा करार झाला असल्याचे छायाचित्र माहितीपत्रकावर छापलेले आहे. महिनाअखेरपर्यंत जागा राखून ठेवण्याची रक्कम भरावी, असा त्यांचा आग्रह आहे.

आपल्या भागातल्या माणसाला परदेशी शिक्षणाचे वावडे नाही. पापळसारख्या गावात 1898 साली शेतकऱ्याच्या घरी जन्मलेले पंजाबराव देशमुख एडिनबरा आणि ऑक्सफर्ड येथे शिकून अमरावतीला परत आले आणि त्यांनी काय उभे केले, हे आपण सारे जाणतो. त्यामुळे मुलीला सरसकट नकार देणे मला जड जाते. पण माझ्या आईने एकच प्रश्न विचारला, "पोरगी तिकडं शिकून आली त तिले आपल्या ढोरायले हात लावू देतीन का?" या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. ही पदवी इथे चालते का, खरी भागीदारी कशी ओळखावी आणि पैशाची सोय कशी करावी, याविषयी ज्यांना प्रत्यक्ष माहिती आहे त्यांनी कृपया लिहावे.

निवृत्त पशुधन विकास अधिकारी, पुसद

गुरुजी, आपल्या मातोश्रींनी जो प्रश्न विचारला तोच या संपूर्ण विषयाचा गाभा आहे. मेळाव्यात तो कोणी विचारला असता तर अर्धे माहितीपत्रक तिथेच मिटले असते.

पदवी ही एक गोष्ट आहे आणि नोंदणी ही दुसरी. पदवी विद्यापीठ देते. जनावरावर उपचार करण्याचा अधिकार मात्र नोंदणीमुळे मिळतो. भारतात हा सारा व्यवहार भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984 या कायद्याखाली चालतो. या कायद्याच्या कलम 30 प्रमाणे नोंदणीकृत पशुवैद्य असल्याशिवाय कोणालाही पशुवैद्यकाचा व्यवसाय करता येत नाही. शासकीय दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी व्हायचे असो, की आर्वीच्या बाजारात स्वतःचा दवाखाना टाकायचा असो, राज्य पशुवैद्यक परिषदेच्या नोंदवहीत नाव असावेच लागते. कोणत्या पदव्या नोंदणीला पात्र आहेत ते या कायद्याच्या अनुसूचींत दिलेले आहे. पहिल्या अनुसूचीत भारतीय विद्यापीठांच्या पदव्या आहेत आणि परदेशी पदव्यांसाठी दुसरी अनुसूची आहे. आपल्या मुलीला मिळणारी पदवी त्या अनुसूचीत नसेल, तर ती पदवी परदेशात कितीही सन्मानाची असली तरी तिच्या आधारे इथे आपोआप नोंदणी होत नाही.

अनेक पालक इथे एक गल्लत करतात, म्हणून स्पष्ट लिहितो. परदेशात एमबीबीएस करून आलेल्या विद्यार्थ्यांची परीक्षा, त्यांचे नियम, त्यांच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतो. ते सर्व मानवी वैद्यकाचे आहे आणि त्याची यंत्रणा वेगळी आहे. कोणी सल्लागार त्या नियमांचा हवाला देऊन "तसेच तुमचेही होईल" असे म्हणत असेल, तर त्याला पशुवैद्यकाचे काहीही माहीत नाही असे समजावे.

माझ्या सेवाकाळात मी एक उदाहरण जवळून पाहिले. आमच्या शेजारच्या तालुक्यातला एक मुलगा अशाच एका सल्लागाराच्या भरवशावर परदेशात गेला, पाच वर्षे शिकला आणि परत आल्यावर त्याच्या पदवीची नोंदणी होईना. मुलगा हुशार होता. गाय अडली असता वासराची मान वळलेली आहे की पाय मागे राहिला आहे, हे तो हात घालताच सांगत असे, पण स्वतःच्या नावाने औषधाची चिठ्ठी लिहिण्याचा त्याला अधिकार नव्हता. शेवटी तो पशुखाद्याच्या विक्रीत गेला. त्याच्या वडिलांनी बैलजोडी विकली होती. ती गोष्ट मला अजूनही टोचते, कारण जाण्यापूर्वी तो मुलगा माझ्याकडे प्रमाणपत्रावर सही घ्यायला आला होता आणि मी त्याला एकही प्रश्न विचारला नव्हता.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी भारतीय पशुवैद्यक परिषदेला लेखी विचारावे. पत्रात विद्यापीठाचे संपूर्ण नाव, कोणत्या देशातल्या कोणत्या परिसरात शिक्षण होणार आहे, पदवीचे नाव प्रमाणपत्रावर नेमके काय छापले जाईल, एकूण कालावधी किती, त्यातला भारतात किती, आणि आंतरवासिता (इंटर्नशिप) कुठे होणार, हे सर्व नमूद करावे. आपल्याकडे 2016 च्या किमान मानकांनुसार पशुवैद्यक पदवीचा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे आणि त्यात एक वर्षाची आंतरवासिता आहे. तुलना याच मापाने होते. उत्तर लेखीच मागावे. दूरध्वनीवर मिळालेल्या उत्तराला पाच वर्षांनी कोणी विचारत नाही.

दारव्ह्याची पशुवैद्य

गुरुजी, मी मूळची दारव्हा तालुक्यातली. नागपूरच्या महाविद्यालयातून पशुवैद्यकाची पदवी घेतली आणि नंतर न्यूझीलंडमध्ये मॅसी विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेतले. भागीदारी हा शब्द किती वेगवेगळ्या गोष्टींना लावतात ते थोडे विस्ताराने लिहिते, कारण माहितीपत्रकात त्या सगळ्या एकसारख्या दिसतात.

पशुवैद्यकात खऱ्या भागीदारीचे एक चांगले उदाहरण अमेरिकेत आहे. नेब्रास्का राज्यात पशुवैद्यकाचे स्वतंत्र पूर्ण महाविद्यालय नाही, म्हणून 2007 पासून नेब्रास्का-लिंकन विद्यापीठ आणि शेजारच्या आयोवा राज्याचे विद्यापीठ मिळून अभ्यासक्रम चालवतात. विद्यार्थी पहिली दोन वर्षे लिंकनमध्ये आणि पुढची दोन वर्षे आयोवातल्या एम्स या गावी शिकतात आणि पदवी आयोवाची घेतात. इथे पहिल्या दिवसापासून विद्यार्थी पशुवैद्यकाचाच असतो. लिंकनमधल्या दोन वर्षांत तो शरीररचना, शरीरक्रिया आणि विकृतिशास्त्र जनावरांच्या संदर्भातच शिकतो आणि तिसऱ्या वर्षी त्याला पुन्हा प्रवेशासाठी उभे राहावे लागत नाही. आपल्याला सांगितलेल्या योजनेत पहिली दोन वर्षे "जीवशास्त्राची" आहेत. त्या दोन वर्षांत जनावर किती दिवस समोर असेल, हे आपण विचारले का? दोन वर्षांनंतर परदेशातली जागा निश्चित असते, की तिथल्या विद्यापीठाने पुन्हा निवड केली तरच मिळते? "प्रवेशाची संधी" आणि "प्रवेश" या दोन शब्दांत आपल्या सहा एकरांची किंमत आहे.

दुसरा प्रकार मोठ्या नावाच्या सहकार्याचा. हाँगकाँगच्या सिटी विद्यापीठाने 2017 साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या सहकार्याने सहा वर्षांचा पशुवैद्यक अभ्यासक्रम सुरू केला. अभ्यासक्रम चांगला आहे, सहकार्यही खरे आहे, परंतु पदवी हाँगकाँगच्या विद्यापीठाची आहे, कॉर्नेलची नाही, आणि ते विद्यापीठ तसे उघडपणे सांगते. म्हणून माहितीपत्रकावर कोणाचे बोधचिन्ह आहे हे पाहू नये. पदवीच्या कागदावर कोणाची सही असेल ते विचारावे.

तिसरा प्रकार कॅरिबियन बेटांवरच्या महाविद्यालयांचा. ग्रेनाडातल्या सेंट जॉर्जेस विद्यापीठात तीन वर्षे बेटावर शिकून शेवटचे वर्ष अमेरिका, ब्रिटन इत्यादी देशांतल्या संलग्न रुग्णालयांत काढावे लागते. त्या विद्यापीठाला 2011 साली अमेरिकन पशुवैद्यक संघटनेच्या शिक्षण परिषदेची मान्यता मिळाली. ही मान्यता फार महत्त्वाची असते, कारण मान्यताप्राप्त महाविद्यालयाचा पदवीधर थेट उत्तर अमेरिकेची परवाना परीक्षा देऊ शकतो. ती परीक्षा 360 प्रश्नांची असते. मान्यता नसलेल्या महाविद्यालयातून गेलेल्याला त्याआधी कागदपत्रांची छाननी, इंग्रजीची परीक्षा, मूलभूत व चिकित्सा विज्ञानाची परीक्षा आणि प्रत्यक्ष कौशल्याची परीक्षा असे चार टप्पे ओलांडावे लागतात. कौशल्याच्या परीक्षेत भूल, शस्त्रक्रिया, घोडा, दुभती जनावरे, क्ष-किरण, श्वान-मार्जार चिकित्सा आणि शवविच्छेदन हे सर्व हाताने करून दाखवावे लागते. मी भारतीय पदवीधर असल्यामुळे अमेरिकेत जायचे ठरवले असते तर मलाही याच वाटेने जावे लागले असते. सांगायचे इतकेच की, परवान्याचा अडसर दोन्ही दिशांना आहे. तिकडची पदवी इकडे तपासली जाते, तशीच इकडची तिकडे तपासली जाते.

आता भारतीय बाजू. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 साली भारतीय आणि परदेशी संस्थांच्या सहकार्याचे नियम केले. त्यांत तीन प्रकार आहेत. ट्विनिंगमध्ये पदवी भारतीय विद्यापीठाची असते आणि परदेशात मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट) एकूण श्रेयांकांच्या 30 टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाहीत. संयुक्त पदवीत दोन्ही संस्थांकडून किमान 30 टक्के श्रेयांक घ्यावे लागतात. दुहेरी पदवीत दोन्ही संस्था आपापली पदवी देतात आणि किमान 30 टक्के श्रेयांक भारतीय संस्थेचे असावे लागतात. भारतीय संस्थेचे मूल्यांकन किंवा मानांकन ठरावीक पातळीचे असावे लागते आणि परदेशी संस्था जगातल्या पहिल्या एक हजारांत असावी लागते. व्यावसायिक अभ्यासक्रमाला संबंधित परिषदेची मान्यता निराळी लागते. गुरुजी, आपल्याला सांगितलेली दोन अधिक तीन वर्षांची योजना ट्विनिंगच्या व्याख्येत बसत नाही, कारण पाचांपैकी तीन वर्षे म्हणजे सरळ साठ टक्के परदेशात जातात. मग ती संयुक्त आहे, दुहेरी आहे, की केवळ एका खासगी संस्थेची पूर्वतयारीची शिकवणी आहे, हे त्यांनी लेखी सांगायला हवे.

परदेशी शिक्षणाबद्दल कोणाचे मन उडावे अशी माझी मुळीच इच्छा नाही. मला तिथे जे मिळाले ते इथे मिळाले नसते. न्यूझीलंडच्या दक्षिणी वसंतात, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, एकाच कळपात शेकडो गाई काही आठवड्यांत वितात. तिथला पशुवैद्य एका गाईपाशी बसून राहत नाही. आजारी गाई वाढत असतील तर तो कुरण, पाणी, खनिजे, विण्यापूर्वीचा आहार असा मागोवा घेत जातो. आजारी जनावर बरे करण्याआधी कळप आजारी का पडतो हे विचारण्याची सवय मला तिथे लागली. पण त्याच दोन वर्षांत मी जुवाने झालेली खांदेसूज एकदाही पाहिली नाही आणि बैलाच्या शिंगाचा कर्करोगही पाहिला नाही. लाळ्या-खुरकूत तर त्या देशात नाहीच. तिथले माझे सहाध्यायी हा रोग छायाचित्रांवरून शिकत होते आणि मी त्यांना आमच्या यवतमाळच्या जनावरांच्या तोंडातले फोड कसे दिसतात ते सांगत होते. पहिली पदवी आपल्या जनावरांमध्ये झाल्याचा हा फायदा मला परदेशात गेल्यावरच कळला.

निवृत्त बँक अधिकारी, अमरावती

पैशाच्या बाजूविषयी लिहितो. माझी तेहतीस वर्षे ग्रामीण शाखांमध्ये गेली आहेत.

बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला स्थावर तारण मागितले जात नाही. त्यापुढे मागितले जाते. परदेशी पशुवैद्यकाचा खर्च या मर्यादेत बसण्याची शक्यता नाही. लंडन किंवा एडिनबरा येथे परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला 35,000 पौंडांहून अधिक शुल्क पडते. पौंड शंभर रुपयांचाच धरला तरी हे वर्षाला पस्तीस लाख आणि पाच वर्षांचे पावणेदोन कोटी होतात, आणि त्यात राहण्या-जेवण्याचा खर्च नाही. पूर्व आणि मध्य युरोपात शुल्क बरेच कमी आहे. बुडापेस्टचे पशुवैद्यक विद्यापीठ 1787 पासूनचे आहे आणि तिथे साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम इंग्रजीतून शिकवतात. पण तिथेही आपल्या भागातल्या शेतकऱ्याला ही रक्कम हातातली नव्हे.

खरी अडचण तारणाची आहे. शेतकरी सातबारा घेऊन शाखेत येतो आणि म्हणतो की, साहेब, सहा एकर आहे. त्याला ती जमीन म्हणजे सर्वस्व वाटते आणि ते खरेही आहे. परंतु थकीत कर्जाच्या वसुलीसाठी तारण ताब्यात घेण्याचा जो 2002 चा कायदा आहे, त्याच्या कलम 31 मधून शेतजमीन वगळलेली आहे. त्यामुळे शैक्षणिक कर्जासाठी शेतजमिनीचे तारण घ्यायला बँका बहुधा तयार होत नाहीत. त्या अकृषक भूखंड, शहरातले घर, मुदत ठेव किंवा विमा पॉलिसी मागतात. गावठाणातल्या घरालाही आजवर ग्रामपंचायतीच्या नमुना 8 पलीकडे कागद नसे. 2020 पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मालमत्ता पत्रक मिळू लागले आहे. आपल्या गावाची मोजणी झाली असेल तर ते पत्रक आधी काढून ठेवावे. ते सर्व शाखा स्वीकारतीलच असे नाही, पण हाती कागद असला की बोलणे पुढे सरकते.

आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. बँक नकार देते तेव्हा काही कुटुंबे सावकाराकडे जातात किंवा नातेवाइकाच्या नावे जमिनीचे विक्रीखत करून देतात. विक्रीखत म्हणजे गहाणखत नव्हे. "नंतर परत फिरवून देऊ" या तोंडी शब्दावर गेलेले वावर परत आलेले मी फार थोड्या वेळा पाहिले आहे. शिक्षणासाठी असे करू नये, ही माझी हात जोडून विनंती आहे.

शिष्यवृत्तीचेही पाहावे. अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे, परंतु ती पदव्युत्तर आणि पीएचडीसाठीच आहे. राज्याची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्तीही पदव्युत्तर आणि पुढच्या शिक्षणाचीच आहे. म्हणजे बारावीनंतर लगेच परदेशी जाणाऱ्याला या वाटा बंद असतात आणि इथली पदवी घेऊन जाणाऱ्यातल्या पात्र मुलांना त्या उघड्या होतात. दारव्ह्याच्या ताईंनी निवडलेला क्रम पैशाच्या दृष्टीनेही बरोबर ठरतो, तो यामुळेच.

गवळाऊपालक, कारंजा (घाडगे)

गुरुजी, मी शिकलेला कमी आहे, पण आमच्या तीन पिढ्या गवळाऊ जनावरे सांभाळत आल्या आहेत, म्हणून दोन शब्द लिहितो. चार वर्षांपूर्वी पावसाने ओढ दिली आणि ज्वारी खुरटली. आमच्या दोन गाई बांध ओलांडून त्या विषारी झालेल्या कोवळ्या पोंग्यांत शिरल्या. अर्ध्या तासात त्या थरथरू लागल्या आणि तोंडाला फेस आला. तालुक्याचे डॉक्टर शिरेतून औषध द्यायला पोहोचले तेव्हा एक गेली होती, दुसरी त्यांनी वाचवली. त्या दिवशी डॉक्टर कुठे शिकले हे आम्ही विचारले नाही. ते वीस किलोमीटरवर होते, हेच आमचे दुःख होते. आपली मुलगी जिथे शिकेल तिथे शिको, पण ती आर्वी, आष्टी, कारंजाच्या पट्ट्यात परत येऊन सुई हातात धरू शकेल असाच कागद तिने आणावा. आमच्याकडे ट्रॅक्टर आल्यापासून गोऱ्हे कोणी ठेवत नाही, संकराने मूळ जात पातळ झाली आहे, आणि या जातीकडे लक्ष देणारा आमच्यातलाच एखादा डॉक्टर असावा असे आम्हांला मनापासून वाटते.

आर्वीचे गुरुजी

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल ऋणी आहे. डॉक्टरसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे परिषदेला पत्र पाठवले आहे. संस्थेलाही विचारले की, ही योजना ट्विनिंग, संयुक्त की दुहेरी, आणि दोन वर्षांनंतरची जागा निश्चित आहे का. पहिल्या प्रश्नावर त्यांनी पुन्हा तेच माहितीपत्रक पाठवले. दुसऱ्यावर "गुणवत्तेनुसार" असे एका शब्दाचे उत्तर आले. जागा राखण्याची रक्कम मी भरलेली नाही. आता प्रश्न असा आहे की, मुलीने एक वर्ष थांबून पुन्हा नीट द्यावी का? वर्ष वाया जाईल, अशी घरात चिंता आहे.

निवृत्त पशुधन विकास अधिकारी, पुसद

गुरुजी, साडेपाच वर्षांच्या शिक्षणात आणि पुढच्या पस्तीस वर्षांच्या व्यवसायात एक वर्ष म्हणजे फार नव्हे. पुन्हा परीक्षा द्यावी. आणि केवळ नागपूरवर दृष्टी ठेवू नये. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नागपूरला असले तरी त्याची महाविद्यालये राज्यभर आहेत. मुंबईत परळला 1886 पासूनचे, नागपूरला 1958 चे, परभणीला 1972 चे, आणि उदगीर व शिरवळ येथे नंतर झालेली. पदवी सर्वांची एकच आणि नोंदणीही एकच. आमच्या पिढीतले विदर्भाचे कितीतरी विद्यार्थी परभणीला शिकले आणि परत येऊन इथेच राबले.

एक गोष्ट विषयाला धरूनच सांगतो. भारतातले पशुवैद्यक म्हणजे परदेशाच्या पाठीमागे चालणारे काहीतरी दुय्यम आहे, असे मुलीच्या मनात कोणी भरवू नये. बुळकांडीने एकेकाळी गावेच्या गावे बैलांविना केली होती. युरोपातले पहिले पशुवैद्यक महाविद्यालय अठराव्या शतकात फ्रान्समधल्या लिऑनला निघाले, त्यामागेही गुरांच्या याच साथीचा धाक होता. त्या रोगावरची शेळ्यांमध्ये सौम्य केलेल्या विषाणूची लस 1920 च्या दशकात हिमालयातल्या मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत तयार झाली आणि पुढे ती अनेक देशांत गेली. 2011 साली बुळकांडी पृथ्वीवरून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. लम्पीवरची देशी लसही 2022 साली हिसार आणि इज्जतनगरच्या शास्त्रज्ञांनीच तयार केली. ज्या कालवडीने आपल्या मुलीला या वाटेवर आणले, तिच्या रोगावर इथेच काम झाले, हे तिला अवश्य सांगावे.

गुरुजींची मुलगी

सर्वांना नमस्कार. बाबांच्या परवानगीने त्यांच्याच खात्यावरून लिहीत आहे. मी सगळी उत्तरे दोनदा वाचली.

मी पुन्हा नीट देणार आहे. पण परदेशात शिकण्याची इच्छा मी सोडलेली नाही, आणि ती का आहे ते मला सांगायचे आहे. मेळाव्यात दाखवलेल्या इमारती पाहून मला तिकडे जावेसे वाटले नव्हते. लम्पीच्या साथीत आमच्या गावात एका घरची जनावरे गेली आणि लगतच्या घरची वाचली. असे का झाले, हे मी पर्यवेक्षक काकांना विचारले होते. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले की, त्यांच्याकडे दिवसाला सात गावे आहेत आणि असे शोधत बसायला त्यांना वेळ मिळत नाही. दारव्ह्याच्या ताई, तुम्ही कळप आजारी का पडतो याविषयी लिहिले, तेव्हा मला त्या दोन घरांची आठवण झाली. मला तेच शिकायचे आहे. ते इथली पदवी घेऊन नंतर शिकता येत असेल, तर मी थांबायला तयार आहे. आजीला मी तिच्या प्रश्नाचे उत्तर दिले की, हो, हात लावू देतील, पण आधी इथले शिकून मग तिकडे गेले तर. ती म्हणाली की, मग इथेच आधी शीक.

मला एक विचारायचे आहे. परदेशी महाविद्यालयांच्या अर्जात जनावरांबरोबर काम केल्याचा अनुभव मागतात असे मी वाचले. मी चार वर्षांपासून गोठ्यात काम करते, लसीकरणात जनावरे धरते, मागच्या उन्हाळ्यात शेळ्यांच्या कळपात काकांबरोबर पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची लस टोचायला गेले होते. हा अनुभव धरतात का? की मोठ्या दवाखान्यातलाच लागतो?

दारव्ह्याची पशुवैद्य

धरतात, आणि गोठ्यातल्या अनुभवाला चांगली किंमत असते. शहरातल्या मुलांकडे नेमका तोच नसतो. पण तो लिहिलेला असावा लागतो. नुसते "चार वर्षे काम केले" असे लिहून भागत नाही. एक जाड वही घे. प्रत्येक वेळी तारीख, गाव, कोणते जनावर, त्याचे वय, काय लक्षण होते, ताप किती होता, काय उपचार झाला, पुढे काय झाले आणि तू स्वतः काय केलेस ते लिही. खाली त्या दिवशी हजर असलेल्या पशुवैद्याची किंवा पर्यवेक्षकांची सही आणि शिक्का घे. लम्पीची साथ आठवणीतून लिहून काढ, पण ती स्वतंत्र पानावर लिही आणि आठवणीतून लिहिले आहे असे वर नमूद कर.

ज्या दोन घरांविषयी तू लिहिलेस त्यांच्याकडे या आठवड्यातच जा. लस कोणत्या दिवशी टोचली, जनावरे कुठे बांधत, पाणी कुठल्या हौदावर पाजत, नवे जनावर बाजारातून आणले होते का, इतके चार प्रश्न दोघांना सारखेच विचार आणि दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी लिही. घरातल्या मोठ्यांना तारखा पोळ्याच्या आधी की नंतर अशाच आठवतील, तशाच लिहून घे. वहीची पहिली चार पाने झाली की मला पाठव, मी वाचून कळवते.